कमी दाबाचा आवाज

खऱ्या अँपचे, म्हणजे गिटारीचा आवाज मोठा करणाऱ्या जड खोक्याचे, गोडवे गाणाऱ्या माणसानं तो अँप कधी जिन्यावरून उचलून नेलेला नसतो, असं माझं ठाम मत आहे. सांगलीत मी भाड्यानं राहायचे ती खोली तिसऱ्या मजल्यावर. खाली मालकीणबाई, शेजारी परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या दोन मुली, आणि मधली भिंत अशी की पलीकडं पान उलटलं तरी ऐकू यावं. तिथं अँप वाजवायचा कसा? मी इलेक्ट्रिक गिटार लॅपटॉपला जोडायचे, कानांवर हेडफोन चढवायचे आणि सॉफ्टवेअरमधला एक अँप निवडायचे. पडद्यावर त्याचं चित्र यायचं. गोल बटणं, पुढची जाळी, जाळीसमोर उभा केलेला माइकसुद्धा. तो माइक माउसनं सरकवला की आवाज बदलायचा. कानात डोंगर कोसळत असायचा आणि मालकीणबाईंना मात्र तारांची टिकटिक तेवढी ऐकू जायची. मी सारखी नखं कापते असा त्यांचा समज होता.

मिरजेतला माझा मित्र म्हणायचा, हे सगळं खोटं आहे. तो घराच्या मागच्या खोलीत छोटा स्टुडिओ चालवतो. भजनी मंडळं, लग्नाची गाणी, शाळांची गॅदरिंगं, जे येईल ते रेकॉर्ड करतो. त्याच्याकडं एक खरा अँप आहे आणि त्याच्यासमोर तो माइक असा लावतो की जणू देवाला गंध लावतोय. बोटभर इकडं, बोटभर तिकडं, मग डोळे मिटणार, मग मान हलवणार, मग पुन्हा बोटभर इकडं.

"हवा हलली पाहिजे," तो म्हणायचा. "सॉफ्टवेअरमध्ये हवा कुठं हलते?"

"माझ्या खोलीत हवा हलली तर मला खोली सोडावी लागेल."

"तो तुझ्या खोलीचा प्रश्न झाला. आवाजाचा नाही."

माझं डोकं फिरलं. खोलीचा प्रश्न आणि आवाजाचा प्रश्न वेगळे करणारा माणूस स्वतःच्या बापाच्या घरात राहत असतो. मी चळवळीत वाढलेय. एसटीची मुक्कामी गाडी बंद झाली, पत्रक काढ. नळाला गढूळ पाणी आलं, पत्रक काढ. राग आला की तो एका पानात, चार मुद्द्यांत आणि एका घोषणेत बसवायचा, हेच माझं शिक्षण. तेव्हा मी यावरही पत्रक लिहिलं. 'खऱ्या अँपची मक्तेदारी मोडून काढा!' ज्यांच्याकडं जागा नाही, गाडी नाही, शेजाऱ्यांची परवानगी नाही, त्यांनी वाजवायचंच नाही का, असा पहिला मुद्दा होता. ते मी त्याच्या स्टुडिओच्या दारावर चिकटवून आले. त्यानं ते लॅमिनेट करून घेतलं. अजून तिथंच आहे.

पुढं आम्ही तुलना केली, आणि नीट केली. त्याच्याच खोलीत, तीच गिटार, तीच ओळ. एकदा त्याच्या अँपला माइक लावून, एकदा माझ्या लॅपटॉपमधून. नुसती गिटार ऐकली तर फरक होता. मी खोटं बोलणार नाही. अँपच्या आवाजाला कडा होत्या, खोलीचा थोडा वास होता म्हणा ना. पण वर ढोलकी आणि गाणारा गळा चढवला तेव्हा त्यालाही कुठलं कुठलं ते सांगता येईना. तो म्हणाला, "ढोलकीनं झाकलं." मी म्हणाले, "आपल्याकडं ढोलकीशिवाय गिटार ऐकतंय कोण?" विषय संपला. निदान मी तो संपल्याचं जाहीर केलं.

सॉफ्टवेअरवर माझा राग वेगळ्याच कारणानं होता. त्यातली अँपची यादी उघडली की विलायतेतले अँप, अमेरिकेतले अँप. त्यातला एखादा कुठल्या दशकात बनला आणि कुठला स्पीकर लावला की कसा वाजतो, सगळं दिलेलं. यादी बोटानं सरकवत राहा, संपत नाही. आणि आमच्याकडचा त्यात एकही नाही. आमच्याकडं काय कोणी कधी गिटार अँपला जोडलीच नाही? माझ्या मामांच्या मशीननं मग इतकी वर्षं काय केलं?

मामा फौजेतून निवृत्त झाले ते गिटार घेऊनच. पलटणीच्या बँडमध्ये ते गिटार वाजवायचे. तासगावपासून थोडं आत, द्राक्षबागांच्या मधोमध आमचं आजोळ. तिथं परतल्यावर सगळ्यांना वाटलं, आता हे एखाद्या बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहतील. मामांनी बँजो पार्टी काढली. मिरवणुकीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसून वाजवणारा ताफा म्हणजे बँजो पार्टी. ताशे, ड्रम, कीबोर्ड, आणि गाण्याचा सूर धरायला बँजो. मामांच्या पार्टीत बँजोच्या जागी गिटार. 'फौजीची गिटार पार्टी' म्हणून शिराळ्यापासून म्हसवडपर्यंत लोक सुपारी द्यायला यायचे.

आणि त्या गिटारीचं मशीन. आमच्याकडं अँपला मशीनच म्हणतात. सांगलीतल्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या चाचांनी ते मामांना बनवून दिलं होतं. चाचा आता नाहीत. आत काचेचे व्हॉल्व, चालू केले की निखाऱ्यासारखे तांबूस होणारे. बाहेर लाकडी खोकं, हिरवं रेक्झिन, आणि उचलायला दोन माणसं. मामांनी तार छेडली की सूर आधी किंचित खाली बसायचा, मग फुगून वर यायचा, आणि शेवटाला कडेनं जरासा फाटायचा. तो सूर ऐकला की आजोळच्या गल्लीतली बाई हातातलं पीठ तसंच ठेवून दारात यायची. मामा वाजवायचे अनवाणी. चप्पल काढल्याशिवाय त्यांनी मशीनला कधी हात लावला नाही. भक्ती म्हणून नव्हे. "पायाला लागल्याबिगर मला कळत न्हाई कसं वाजतंय ते," असं ते सांगायचे.

हे झालं मशीनचं. आता लाइटचं सांगते, कारण दोन्ही एकच गोष्ट आहे, हे मला फार उशिरा कळलं.

आजोळच्या गावात संध्याकाळ झाली की बल्ब लाल व्हायचे. शेतीपंप, घरं, गिरणी, सगळं एकाच जुन्या डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर. विजेचा दाब इतका पडायचा की ट्यूबलाइट नुसती डोळे मिचकावायची. मामींच्या फ्रिजला स्टॅबिलायझर लावलेला, त्यावर काट्याचं मीटर. तो काटा तांबड्या पट्ट्यात आला की मामी जिथं असतील तिथून ओरडायच्या, "काटा खाली आला, फ्रिज बंद करा!" मोटारी जळत होत्या, पोरी मिणमिणत्या उजेडात अभ्यास करत होत्या, आणि बिल मात्र पूर्ण येत होतं. मी पत्रक काढलं. 'बिल पूर्ण, वीज अर्धी का?' घरोघरी सह्या घेतल्या, फोनवर 'पूर्ण दाब कृती समिती' असा ग्रुप काढला, बायकांना घेऊन वीज कार्यालयाच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. साहेब म्हणाले, प्रस्ताव वर पाठवलाय. आम्ही म्हणालो, मग आम्ही प्रस्ताव खाली येईपर्यंत बसतो. उन्हाळ्यात नवी डीपी बसली. बायका हळदकुंकू लावायला निघाल्या, तर वायरमन हात जोडून आडवा आला, "आवं मावशी, लांबूनच व्हा, लांबूनच!" शेवटी कुंपणाच्या खांबाला कुंकू लावलं आणि नारळ रस्त्यावर फोडला.

त्या वर्षी दिवाळीला आजोळी गेले तर गिटार खुंटीला आणि मशीनवर वाकळ पांघरलेली.

"मामा, म्हसवडची यात्रा तोंडावर आली. सराव कुठंय?"

"पोरांस्नी सांगितलंय, दुसरा कोण तर बघा." मामा द्राक्षाच्या छाटणीची कात्री पुसत बसले होते. मान वर केली नाही.

"दुसरा कोण म्हणजे?"

"आगं, माजा हात गेला. वाजत न्हाई मला आता."

मला वाटलं थट्टा करतायत. मामी आतून म्हणाल्या, "लय झालं की हे. पावसाळ्यापासनं असंच चाललंय. आदी म्हणालं मशीन बिगाडलं. व्हॉल्व बदलून आणलं. मग म्हणालं तारा बदलतो. मग म्हणालं हातच गेला. आता काय हात बदलून आणायचा हाय व्हय?"

मी वाकळ काढली, मशीन चालू केलं आणि मामांच्या हातात गिटार दिली. त्यांनी एक ओळ वाजवली. बोटं जिथं पडायची तिथंच पडत होती. पण सूर ताठ. बसणं नाही, फुगणं नाही, फाटणं नाही. मोठा, स्वच्छ आणि कोरडा, एखाद्या शाळेच्या लाउडस्पीकरवरून सूचना यावी तसा.

"बगितलंस?" मामा म्हणाले. "भाडोत्री जनरेटरवर ट्रॉलीत वाजवलं, तवा पण असंच. जुना जनरेटर जळाला म्हणून हा नवा भाड्यानं आणला, म्हटलं मिरवणुकीत तरी येईल. न्हाई आला. मग मशीनचा काय दोष? म्हसवडला नाथाच्या रथाफुडं असलं वाजवायचं आन् लोकांनी तोंडं फिरवायची? त्यापरीस नकोच."

फौजेतला माणूस. एकदा नको म्हटलं की नको. ढोलवाल्यानं त्यांच्या जागी तासगावचा एक बँजोवाला बघूनही ठेवला होता. मामा म्हसवडला गेले नाहीत तर पुन्हा कधीच गिटार खाली काढणार नाहीत, हे घरातल्या सगळ्यांना दिसत होतं. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मला मात्र वाद घातल्याशिवाय चैन पडत नाही.

माझ्या फोनमध्ये मामांचं जुनं वाजवणं होतं, आदल्या वर्षी ओसरीवर बसून घेतलेलं. म्हटलं तेच ऐकवते, म्हणजे हात कुठं गेला ते तरी शोधता येईल. ऐकवलं. तो सूर आला. बसला, फुगला, कडेनं फाटला. आणि त्या सुराच्या मागून, मागच्या खोलीतून, मामींचा आवाज: "काटा खाली आला, फ्रिज बंद करा!"

आम्ही तिघंही मामींच्या स्टॅबिलायझरकडं बघायला लागलो. काटा हिरव्या पट्ट्यात शांत उभा होता. नवी डीपी बसल्यापासून तो तिथंच होता.

मी तिथूनच मिरजेच्या मित्राला फोन लावला. सगळं ऐकून तो एकदम ओरडला, "अगं, बरोबर आहे! दाब कमी मिळाला की व्हॉल्वचा अँप लवकर थकतो. सूर बसतो, मग उठतो. बाहेरचे लोक मुद्दाम दाब कमी करून वाजवतात." आणि जुना जनरेटर? त्यावर ट्रॉलीवरचे सगळे हॅलोजन, कीबोर्ड, ध्वनिक्षेपक लटकलेले असायचे. तोही धापाच टाकायचा, नवा मात्र दांडगा होता. गावात काय आणि ट्रॉलीवर काय, त्या मशीनला आयुष्यात कधी पूर्ण वीज मिळालीच नव्हती. मामांचा प्रसिद्ध आवाज म्हणजे चाचांचं मशीन, मामांची बोटं आणि उपाशी डीपी.

"म्हंजे," मामा सावकाश म्हणाले, "माजा हात न्हाई गेला."

"नाही."

"तू घालवलास आवाज."

"मी लाइट आणली, मामा. त्याबद्दल मी माफी मागणार नाही. पोरींना उजेड हवा होता."

"माफी कोण मागतंय?" मामा हसले. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा, असं मामी नंतर म्हणाल्या. "आवाज परत आण म्हंजे झालं."

हे माझ्या हातातलं काम होतं. यादीत आमचा अँप नाही म्हणून मी दात खात बसले होते, पण आताच्या सॉफ्टवेअरला नवा अँप शिकवता येतो. ते अँपमधून स्वतःचे ठरलेले आवाज पाठवतं, शिट्ट्या, खरखर, ठोके. समोरचा माइक ते परत ऐकतो. पाठवलं काय आणि आलं काय यातून ते त्या अँपचा स्वभाव शिकतं आणि एक फाइल बनवतं. मग ती फाइल कुठल्याही लॅपटॉपवर तोच अँप. फक्त शिकवताना मशीन जुन्या दाबावर चालायला हवं होतं. आणि गावात आता जुना दाब नव्हता.

मला एकच उपाय सुचला. मी ग्रुपवर निरोप टाकला. त्या आठवड्यात शेतीपंपांची थ्री-फेज वीज दिवसा होती. 'उद्या सकाळी अकरा वाजता सर्वांनी मोटारी, गिरण्या, इस्त्र्या एकाच वेळी चालू कराव्यात. गावातला विजेचा दाब कमी करायचा आहे.' वर ग्रुपचं नाव: पूर्ण दाब कृती समिती.

पहिलं उत्तर आलं, 'ताईंचा फोन चोरीला गेलाय काय?'

म्हणून मग पुन्हा घरोघरी. ज्या दारांत सह्या घेतल्या त्याच दारांत. एका आजोबांनी मला उभंच राहू दिलं नाही. "आगं, मागल्या साली माजा अंगठा घेतलास, दाब वाढवा म्हणून. आता उतरवाया पण अंगठा लागतोय व्हय?"

"अंगठा नको, आबा. फक्त मोटार चालू करा."

"रान भिजलंय कवाच."

"फौजीच्या गिटारीसाठी."

आबा थांबले. "त्ये वाजवत न्हाई आता म्हणत्यात."

"म्हणूनच."

"मंग आदी सांगायचं न्हाई व्हय गं! लावतो की. पाणी वड्याला सोडतो."

गिरणीवाल्यानं कुणाच्याही दळणाशिवाय रिकामी गिरणी फिरवायचं कबूल केलं. त्याच्या बायकोनं मग स्वतःचेच गहू नेऊन ठेवले, रिकामी फिरवणं पाप म्हणून. वेल्डिंगच्या दुकानदारानं विचारलं, "किती दाब पाडू? लय पाडू का जरासा?" जसं काही तो मीठ टाकतोय.

सकाळी मित्र मिरजेहून एसटीनं आला, पाठीवर माइक आणि कानटोपीत डोकं. येताना वाटभर त्यानं फोनवर सॉफ्टवेअरला शिव्या दिल्या आणि आल्यावर मात्र कामाला लागला. बेदाण्याचे रिकामे क्रेट मशीनभोवती उभे केले, त्यावर घरातल्या सगळ्या वाकळा. माइक जाळीपुढं. बोटभर इकडं, बोटभर तिकडं. या वेळी मी थट्टा केली नाही, कारण बोटभर सरकवल्यानं खरंच आवाज बदलत होता, आणि तो बदल मलाही ऐकू येत होता. मामा अनवाणी उभे राहून सांगत होते, "न्हाई. आनखी मदी न्हाई. कडंला घे. हां, हितं."

अकराला मी ग्रुपवर लिहिलं, 'सुरू.' आधी लांबवर मोटारी. मग गिरणी. मामी स्टॅबिलायझरपुढं ठाण मांडून बसल्या होत्या आणि क्रिकेटच्या सामन्यासारखं सांगत होत्या. "हालला! हिरव्यातच हाय! उतरतोय… थांबला. थांबला गं!" काटा तांबड्याच्या काठाशी येऊन अडला. नवी डीपी हट्टी होती. मी आणली होती ती, हट्टी असणारच. मामींनी इस्त्री लावली, शेजारणीनं गिझर लावला. काटा हलेना. मग वेल्डिंगवाल्यानं ठिणगी पाडली आणि ट्यूबलाइटनं डोळे मिचकावले.

"तांबड्यात!" मामी किंचाळल्या.

मामांनी तार छेडली. सूर बसला, आणि फुगून वर आला.

मामांनी एकदा पायाकडं बघितलं आणि मला म्हणाले, "काय करायचं ते कर झटदिशी. त्या वेल्डिंगवाल्याची काडी संपल."

मी सॉफ्टवेअर सोडलं. मशीनमधून शिट्ट्या आणि खरखर निघायला लागली. "रेडिओ बिगडल्यावानी वाजतंय," मामी कानावर हात ठेवून म्हणाल्या. मधे दाब एकदा वर सरकला तेव्हा पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं, आणि मला ग्रुपवर लिहावं लागलं, 'आबा, कृपया मोटार बंद करू नका.' दुसऱ्यांदा जमलं. फाइल झाली. सॉफ्टवेअरनं विचारलं, अँपचं नाव काय? मी लिहिलं, 'कमी दाब'.

मग खरी तुलना. आमचा मित्र माइकमधून आलेला खरा आवाज एका बाजूला आणि फाइल दुसऱ्या बाजूला ठेवून आळीपाळीनं ऐकवत होता. स्वतःच्या तोंडानं म्हणाला, "सांगता येत नाही." मी ते वाक्य त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. मामांनी हेडफोन लावून फाइलमधून वाजवलं. बराच वेळ वाजवलं. मग हेडफोन काढले.

"आवाज माजाच हाय," ते म्हणाले. "पर पायाला काय लागंना."

मित्रानं माझ्याकडं बघितलं. त्याला म्हणायचं होतं, हवा हलत नाही. त्यानं म्हटलं नाही, तेवढी माणुसकी त्याच्यात आहे. पण मला उत्तर ठाऊक होतं, आणि आजही मी त्यावर ठाम आहे. कानात वाजणारी गोष्ट पायाला कशी लागेल? खरा अँपही दुसऱ्या गावात ठेवून त्याचा आवाज हेडफोनवर ऐकला तर पायाला लागणार नाही. पायाला लागतो तो स्पीकर, आणि ट्रॉलीवर मामांच्या पार्टीचे स्पीकर माणसाएवढे होते. सॉफ्टवेअरला आपण टेबलावर बसवतो, कानात कोंबतो आणि मग म्हणतो, ह्यात जीव नाही. आधी त्याला ट्रॉलीवर तर चढवा!

"मामा, म्हसवडला चला. पायाला नाही लागलं तर ढोलवाल्यानं बघितलेल्या बँजोवाल्याला मी स्वतः बोलवीन."

"बगू," मामा म्हणाले. फौजेतल्या माणसाचं 'बगू' म्हणजे निम्मं व्हय.

संध्याकाळी मित्राला एसटीला सोडायला गेले. गाडी लागली होती, आणि चढता चढता तो म्हणाला, "तसं एक डिमरस्टॅट आणला असता तरी चाललं असतं."

"काय आणला असता?"

"डिमरस्टॅट. मोटार बांधणाऱ्या दुकानात असतो. गोल बटण फिरवायचं, हवा तेवढा दाब कमी होतो. तासगावात मिळाला असता."

माझ्या डोळ्यांपुढं आबांनी ओढ्याला सोडलेलं पाणी आलं. "आणि हे तू आत्ता सांगतोयस?"

"तू विचारलंस कुठं? तू थेट निरोप काढलास." गाडी हलली. तो खिडकीतून हात हलवत होता, मी मूठ दाखवत होते.

हे मी मामांना सांगितलं. त्यांनी जुनं मशीन डिमरस्टॅटवर लावून ट्रॉलीवर न्यायचा विचार केला आणि स्वतःच सोडला. व्हॉल्व आता मिळत नाहीत, नवे आणलेले होते तेच शेवटचे. म्हसवडचा गुलाल म्हणजे काय ते ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. रथ निघाला की माणूस ओळखू येत नाही, आणि तो गुलाल तापलेल्या व्हॉल्ववर बसला की संपलं. मामांनी चाचांचं मशीन खोक्यातून बाहेर काढलं, कापडात गुंडाळून कपाटात ठेवलं. मग रिकाम्या हिरव्या खोक्यात माझा लॅपटॉप बसवला आणि पुढून प्लॅस्टिकचा कागद लावला.

मी भडकले. "हे लपवणं झालं! लोकांना उघड सांगा की सॉफ्टवेअर आहे म्हणून. लाज कसली?"

"लाज कसली गं. गुलाल लागू नये म्हणून खोकं हाय. तुजं पत्रक चिटकीव की वरनं."

मी खरंच कागदावर ठळक अक्षरांत लिहून खोक्याला चिकटवलं: 'आत लॅपटॉप आहे.' मिरवणूक निघायच्या आधीच गुलालानं ते वाचण्यापलीकडं गेलं होतं.

रथ हलला तेव्हा दुपार होती. माणसांच्या डोक्यांवरून रथाचा कळस सरकत होता आणि खोबऱ्याचे तुकडे आमच्या ट्रॉलीत पडत होते. ताशा सुरू झाला, कीबोर्ड सुरू झाला. ढोलवाला मामांकडं बघत होता, मी मामांच्या पायांकडं. त्यांनी चप्पल काढून खोक्यामागं सारली आणि ट्रॉलीच्या लोखंडी पत्र्यावर पाय टेकले. पहिला सूर गेला. बसला. फुगला. कडेनं फाटला.

मामांनी पायाचा अंगठा पत्र्यावर दाबला, उचलला, पुन्हा दाबला. मग मान वर केली, माझ्याकडं न बघता ढोलवाल्याला म्हणाले, "गड्या, ताल वाढीव रं," आणि पुढं अंधार पडेपर्यंत त्यांनी गिटार खाली ठेवली नाही. गर्दीतल्या एका म्हाताऱ्यानं ट्रॉलीचं फळकूट थोपटून मला विचारलं, "फौजीचं जुनं मशीन न्हवं ह्ये?" मी सांगितलं, "न्हाई, बाबा, लॅपटॉप हाय." तो म्हणाला, "काय पण सांगती," आणि नाचायला निघून गेला.

परतीच्या वाटेवर ट्रॉलीत सगळे गुलालात झोपले होते. मामा जागे होते, पाय अजून पत्र्यावरच. मी त्यांना सांगितलं की पलीकडच्या वाडीतल्या बायका परवा आल्या होत्या. त्यांच्याकडं अजून बल्ब लाल आहेत, पुढच्या आठवड्यात तिथं सह्या घ्यायला जातेय.

मामांनी विचार केला.

"जा," ते म्हणाले. "पर सहीच्या आदी इचारून घे, तितं कोण काय वाजवतंय का."

"वाजवत असेल तर?"

"तर त्या मिरजवाल्याला संगं घिऊन जा. आन् आबाला सांगू नगंस. त्येची मोटार लय थकलीया."